ड्रायव्हर टाकला अन् स्क्रीन काळी पडली? फॉरमॅट मारण्याआधी हे वाचा

त्र्यंबकेश्वर : पीक विमा, सातबारा, शेतकरी ओळख क्रमांक, जातीचा दाखला, पोरांच्या शिष्यवृत्तीचा फॉर्म... गावातलं निम्मं काम आता कॉम्प्युटरवर येऊन थांबतं. हरसूल, ठाणापाडा, वाघेरा, आंबोली या भागातल्या माणसाला ऑनलाइन सेंटर गाठायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडते, वर गाडीभाडं जातं. एवढं करून आल्यावर सेंटरवाला म्हणतो, "दादा, मशीन बंद पडलंय, उद्या या." मुदतीचा शेवटचा दिवस असेल तर हा 'उद्या' महागात पडतो.

मशीन बंद पडण्याचं एक नवं कारण हल्ली पाहायला मिळतं. जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकलेलं असतं, चाललेलंही असतं. मग कुणीतरी सांगतं, "ग्राफिक्सचा ड्रायव्हर टाक, मशीन पळेल." ड्रायव्हर टाकला जातो, मशीन रीस्टार्ट होतं, कंपनीचं चिन्ह दिसतं आणि पुढे नुसता अंधार. घाबरून मशीन दुकानात नेलं जातं. तिथं अनेकदा एकच उपाय होतो, तो म्हणजे फॉरमॅट. मशीन सुरू होतं, पण लोकांचे स्कॅन केलेले कागद, शाळेच्या याद्या, बचत गटाचे हिशेब सगळं पुसलं जातं.

खरी गोष्ट अशी, की ड्रायव्हर टाकल्यावर स्क्रीन काळी पडली म्हणून आतला डेटा जात नाही. बिघाड फक्त चित्र दाखवणाऱ्या भागात असतो. स्टार्टर बिघडला म्हणून कुणी विहीर बुजवत नाही, तसंच हे आहे. बहुतेक वेळा हा बिघाड घरच्या घरी, पैसे न घालता निघतो. कसा, ते क्रमानं पाहू.

जुन्या मशीनवर लिनक्स का आलं?

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची मदत थांबवली. नावनोंदणी करणाऱ्यांना सुरक्षेच्या अपडेटसाठी वर्षभराची वाढीव मुदत मिळाली, पण रस्ता पुढे विंडोज ११ कडेच जातो. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. २०१७ च्या आधीचे बहुतेक डेस्कटॉप त्यात बसत नाहीत. शाळेत, ग्रामपंचायतीत, छोट्या दुकानात असलेले कॉम्प्युटर बरेचदा त्याच काळातले असतात. मशीन धडधाकट, पण सॉफ्टवेअरवाल्यांनी निवृत्त केलेलं.

लिनक्स फुकट मिळतं आणि जुन्या मशीनवरही बरं चालतं. त्यात मराठी टायपिंगची सोय आहे. लिनक्स मिंट आणि उबुंटू हे त्याचे दोन नेहमीचे प्रकार. आपल्याकडे ही गोष्ट नवी नाही. सरकारच्या सी-डॅक संस्थेच्या चेन्नई केंद्राने २००७ मध्ये 'बॉस' नावाचं लिनक्स काढलं, त्यात मराठीसह भारतीय भाषांची सोय होती. त्याआधी गोव्यातल्या शाळांत परदेशातून आलेले वापरलेले कॉम्प्युटर लिनक्सवर चालवले गेले. केरळच्या सरकारी शाळांत तर कित्येक वर्षं लिनक्सच शिकवलं जातं.

एक सावधगिरी मात्र हवी. अंगठ्याचं मशीन, डिजिटल सहीचं पेनड्राइव्ह, काही प्रिंटर यांची सॉफ्टवेअर विंडोजसाठीच बनवलेली असू शकतात. सेंटर चालवणाऱ्यानं आपली यंत्रं लिनक्सवर चालतात का, हे आधी तपासून मगच बदल करावा.

ड्रायव्हर म्हणजे काय?

कॉम्प्युटरमधल्या प्रत्येक यंत्राशी बोलायला एक छोटं सॉफ्टवेअर लागतं, त्याला ड्रायव्हर म्हणतात. बैल दांडगा असला तरी गड्याची भाषा त्याला कळली पाहिजे, नाहीतर नांगर सरळ चालत नाही. ग्राफिक्स कार्ड हा बैल आणि ड्रायव्हर हा गडी. गडी त्या बैलाच्या ओळखीचा नसेल तर बैल जागचा हलत नाही. इथं स्क्रीन काळी राहते.

ग्राफिक्स तीन कंपन्यांचं असतं. इंटेलचं बहुधा प्रोसेसरमध्येच असतं, वेगळं कार्ड नसतं. एएमडीचं काही मशीनमध्ये आतच असतं, काहींत वेगळं कार्ड असतं. एनव्हीडियाचं डेस्कटॉपमध्ये वेगळं कार्ड असतं. इंटेल आणि एएमडीचे ड्रायव्हर लिनक्समध्ये आधीच भरलेले येतात. वेगळं काही टाकावं लागत नाही.

घोळ होतो तो बहुतांशी एनव्हीडियाचा. या कंपनीने आपल्या ड्रायव्हरची आतली रचना वर्षानुवर्षं बंद ठेवली. लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्स याने २०१२ मध्ये फिनलंडमधल्या एका कार्यक्रमात या कंपनीवर जाहीरपणे राग काढला होता. मे २०२२ मध्ये कंपनीने ड्रायव्हरचा एक भाग खुला केला, पण तो नव्या कार्डांपुरताच. त्यामुळे लिनक्सवर एनव्हीडियासाठी दोन वाटा आहेत. एक म्हणजे जगभरच्या लोकांनी मिळून बनवलेला 'नूव्हो' ड्रायव्हर. फ्रेंच भाषेत नूव्हो म्हणजे नवा. हा लिनक्ससोबतच येतो. दुसरी वाट म्हणजे कंपनीचा स्वतःचा ड्रायव्हर, जो वेगळा टाकावा लागतो.

आधी एक प्रश्न : ड्रायव्हर खरंच लागतो का?

फॉर्म भरणं, टायपिंग, प्रिंट काढणं, इंटरनेट, शाळेचा एखादा व्हिडिओ या कामांना नूव्हो बहुतेक वेळा पुरतो. कंपनीचा ड्रायव्हर लागतो तो मोठे गेम, व्हिडिओ एडिटिंग, थ्रीडी नकाशे किंवा डिझाइनच्या कामाला. लग्नाचे व्हिडिओ कापणाऱ्या स्टुडिओला तो लागेल, ग्रामपंचायतीच्या मशीनला सहसा नाही.

म्हणून मशीन नीट चालत असेल, चित्र स्वच्छ दिसत असेल, तर केवळ "टाकलेला बरा" म्हणून ड्रायव्हर टाकू नका. वेग वाढवायचा असेल तर जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवा आणि रॅम वाढवा, फरक लगेच जाणवतो. यात ड्रायव्हरचा धोका नाही.

स्क्रीन काळी पडण्याची पाच कारणं

पहिलं कारण, कार्ड जुनं आणि ड्रायव्हर नवा. आपल्याकडच्या जोडणीच्या डेस्कटॉपमध्ये स्वस्तातली जुनी कार्डं असतात. एनव्हीडिया ठरावीक वर्षांनी जुन्या कार्डांची मदत बंद करते. जी २१० सारख्या कार्डाला ३४० क्रमांकाचा ड्रायव्हर लागायचा, त्याची मदत २०१९ अखेर थांबली. जीटी ६१० ला ३९० लागायचा, त्याची मदत २०२२ अखेर थांबली. जीटी ७१० ला ४७० चालतो, पण त्याचीही मुदत २०२४ मध्ये संपली. अशा कार्डावर ५०० च्या पुढचा ड्रायव्हर टाकला तर तो कार्डाला ओळखतच नाही. जी २१० आणि जीटी ६१० साठी आजच्या लिनक्समध्ये नूव्होवर राहणंच शहाणपणाचं.

दुसरं कारण, 'ओपन' नावाचा ड्रायव्हर. यादीत काही ड्रायव्हरच्या नावाच्या शेवटी 'ओपन' असं असतं. हा फक्त २०१८ पासूनच्या पिढीला, म्हणजे जीटीएक्स १६०० मालिका, आरटीएक्स आणि त्यापुढच्या कार्डांना चालतो. जीटी १०३० किंवा जीटीएक्स १०५० वर तो टाकला तर चालत नाही. नूव्होसमोरही 'ओपन सोर्स' असं लिहिलेलं असतं, त्याच्याशी याची गल्लत करू नका.

तिसरं कारण, मध्येच लाइट गेली. त्र्यंबक तालुक्यात पावसाळ्यात लाइटीचा भरवसा कुणाला सांगायला नको. ड्रायव्हर अर्धा बसला आणि वीज गेली, तर अर्धवट काम तसंच राहतं. पुढच्या वेळी मशीन तिथंच अडखळतं.

चौथं कारण, ड्रायव्हर वेबसाइटवरून उतरवून टाकला. विंडोजची ही सवय इथं नडते. लिनक्सचा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, तो अपडेटमध्ये वरचेवर बदलतो. लिनक्सच्या स्वतःच्या यादीतून घेतलेला ड्रायव्हर त्या बदलासोबत आपोआप जुळवून घेतो. बाहेरून आणून बसवलेला बहुतेक वेळा घेत नाही. मग आज चांगलं चाललेलं मशीन पुढच्या अपडेटनंतर एका सकाळी काळं होतं.

पाचवं कारण, सिक्युअर बूट. थोड्या नव्या मशीनमध्ये अनोळखी सॉफ्टवेअर रोखणारी ही सोय असते. ती चालू असेल तर ड्रायव्हर टाकताना एक पासवर्ड ठरवायला सांगितलं जातं. रीस्टार्ट झाल्यावर निळ्या रंगाची स्क्रीन येते, ती साधारण दहा सेकंदच थांबते. तिथं कुठलंही बटण दाबून 'एनरोल एमओके', मग 'कंटिन्यू', मग 'येस' निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. अनेकांना ती स्क्रीन बिघाड वाटते आणि ती सोडून दिली जाते. मग ड्रायव्हर बसलेला असतो, पण मशीन त्याला आत घेत नाही. चित्र मोठं, फाटकं किंवा हळू दिसतं.

पहिलं काम : वायर बघा

ड्रायव्हरला दोष देण्याआधी मॉनिटरची वायर पाहा. वेगळं कार्ड असलेल्या मशीनच्या मागे चित्राची दोन ठिकाणं असतात. एक वरच्या बाजूला, कीबोर्ड-माउसच्या खाचांजवळ, ते मदरबोर्डचं. दुसरं खाली आडव्या पट्टीवर, ते कार्डाचं. मशीन उभं ठेवलं असेल तर हे असं दिसतं. वायर कार्डाच्याच खाचेत हवी. साफसफाईत वायर चुकीच्या जागी जाते आणि स्क्रीन 'नो सिग्नल' म्हणते.

वायर ठीक असेल तर कीबोर्डवरचं नम लॉक दाबा. दिवा लागतो-विझतो आहे? मग मशीन जिवंत आहे, फक्त दाखवत नाही.

आता कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ ही तीन बटणं एकदम दाबा. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरात 'लॉगिन' असं आलं तर निम्मी चिंता मिटली. लिनक्स पूर्ण सुरू झालंय, बिघाड चित्रापुरता आहे. इथून कंट्रोल, ऑल्ट, डिलीट दाबलं की मशीन रीतसर रीस्टार्ट होतं. पॉवरचं बटण दाबून धरणं हा शेवटचा उपाय.

दुसरं काम : जुन्या कर्नलवरून सुरू करा

रीस्टार्ट होताना कंपनीचं चिन्ह गेलं की लगेच एस्केप बटण एकदाच दाबा. फार जुन्या मशीनवर शिफ्ट दाबून धरा. 'ग्रब' नावाची यादी येते. एस्केप जास्त वेळा दाबलं गेलं तर यादीऐवजी 'ग्रब' असं लिहिलेली कोरी ओळ येते. घाबरू नका, पुन्हा रीस्टार्ट करून पुन्हा प्रयत्न करा.

यादीत 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' अशी ओळ असते. तिच्यात गेलं की कर्नलचे दोन-तीन क्रमांक दिसतात, सगळ्यात नवा वर. दुसरा, म्हणजे जुना क्रमांक निवडा. स्क्रीन आली तर समजा, नव्या कर्नलशी ड्रायव्हरचं जमलेलं नाही. काम चालू ठेवता येतं आणि सवडीनं ड्रायव्हर बदलता येतो. रांगेत माणसं उभी असतील तेव्हा हाच सगळ्यात झटपट मार्ग आहे.

तिसरं काम : साध्या चित्रावर मशीन उठवा

वरच्या उपायाने नाही जमलं तर पुन्हा ग्रबची यादी आणा. पहिल्या ओळीवर राहून कीबोर्डवरचं इंग्रजी ई दाबा. बरीच इंग्रजी अक्षरं दिसतील. त्यात 'लिनक्स' या शब्दाने सुरू होणारी लांब ओळ शोधा, तिच्या शेवटाकडे 'क्वायट स्प्लॅश' असे दोन शब्द असतात. 'स्प्लॅश'नंतर एक जागा सोडून इंग्रजीत लहान अक्षरांत 'नोमोडसेट' टाइप करा. स्पेलिंग असं : एन ओ एम ओ डी ई एस ई टी, मध्ये जागा नाही. मग एफ१० दाबा.

याचा अर्थ, "आत्ता कार्डाची हुशारी नको, साधं चित्र दाखव." अक्षरं मोठी दिसतील, हालचाल हळू असेल, पण काम करता येईल. हा बदल एका वेळेपुरताच असतो, पुढच्या रीस्टार्टला आपोआप जातो. काही चुकलं असं वाटलं तर एस्केप दाबून मागे या, काही बिघडत नाही.

नूव्होमुळे अडलेलं मशीन या उपायाने बहुतेक उठतं. एनव्हीडियाचा चुकीचा ड्रायव्हर आधीच बसलेला असेल तर मात्र एवढ्यावर भागेलच असं नाही. मग पुढचं काम करा.

चौथं काम : रिकव्हरी मोड

'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये प्रत्येक कर्नलखाली 'रिकव्हरी मोड' अशी ओळ असते. ती निवडली की राखाडी रंगाची छोटी यादी येते. मध्येच लाइट गेली होती, असं असेल तर इथं आधी 'नेटवर्क' आणि मग 'डीपीकेजी' निवडा. अर्धवट राहिलेलं काम लिनक्स स्वतः शोधून पूर्ण करायला बघतं. इंटरनेट वायरने जोडलेलं असेल तर उत्तम. झाल्यावर 'रिझ्यूम' निवडा.

पाचवं काम : चुकीचा ड्रायव्हर काढून टाका

स्क्रीन कुठल्याही मार्गाने आली, तर लिनक्स मिंटमध्ये 'ड्रायव्हर मॅनेजर' उघडा. उबुंटूमध्ये याला 'ॲडिशनल ड्रायव्हर्स' म्हणतात. तिथं आपल्या कार्डाचं नाव आणि खाली चालणाऱ्या ड्रायव्हरची यादी दिसते. नूव्हो निवडा, 'अप्लाय' दाबा, रीस्टार्ट करा. मशीन पहिल्यासारखं होतं. कंपनीचाच ड्रायव्हर हवा असेल तर ज्याच्यापुढे 'रेकमेंडेड' लिहिलंय तोच घ्या. मोठा आकडा म्हणजे चांगला ड्रायव्हर, असं नसतं.

स्क्रीन आलीच नाही, पण कंट्रोल-ऑल्ट-एफ३ वर 'लॉगिन' येतंय, तर तिथूनही ड्रायव्हर काढता येतो. आपलं नाव आणि पासवर्ड टाका. पासवर्ड टाइप करताना अक्षरं किंवा ठिपके काहीच दिसत नाहीत, ते तसंच असतं. मग इंग्रजीत लहान अक्षरांत चार शब्द टाइप करा, प्रत्येक शब्दानंतर एक जागा. पहिला एस यू डी ओ. दुसरा ए पी टी. तिसरा पी यू आर जी ई. चौथा शब्द एकेरी अवतरणचिन्हांत, आधी तारका, मग एन व्ही आय डी आय ए, मग पुन्हा तारका. एंटर दाबल्यावर काय काय काढलं जाणार त्याची यादी येते. ती वाचा. सगळी नावं एनव्हीडियाची किंवा त्याच्या जोडीची असतील तरच वाय दाबा. डेस्कटॉपचीच नावं दिसू लागली तर एन दाबून थांबा आणि जाणकाराला विचारा. काम झाल्यावर आर ई बी ओ ओ टी टाइप करून एंटर दाबा.

सहावं काम : पेनड्राइव्ह

यातलं काहीच जमलं नाही तरी फॉरमॅटची वेळ आलेली नसते. ज्या पेनड्राइव्हवरून लिनक्स टाकलं होतं, तो लावून त्यावरूनच मशीन सुरू करा. 'इन्स्टॉल'वर क्लिक करू नका, नुसतं सुरू करा. मशीनची डिस्क आतून उघडता येते. आधी लोकांचे कागद, याद्या, फोटो दुसऱ्या पेनड्राइव्हवर कॉपी करून घ्या. डिस्कला कुलूप म्हणजे एन्क्रिप्शन लावलेलं असेल तर त्याचा पासवर्ड लागेल.

लिनक्स मिंटमध्ये 'टाइमशिफ्ट' नावाची सोय आहे. तिच्यातून आधी प्रत काढून ठेवलेली असेल तर मिंटच्या पेनड्राइव्हवरून टाइमशिफ्ट उघडून ड्रायव्हर टाकण्याच्या आधीच्या तारखेवर मशीन परत नेता येतं. नेहमीच्या सेटिंगमध्ये टाइमशिफ्ट आपल्या कागदपत्रांना हात लावत नाही, फक्त यंत्रणा मागे नेतं. म्हणून ते कागदांचा बॅकअपही नव्हे, कागद वेगळे जपायचे.

चित्र येतं, पण नीट नाही

काही वेळा स्क्रीन काळी पडत नाही, पण अक्षरं अवाढव्य दिसतात. मॉनिटर आपली मापं वायरमधून कॉम्प्युटरला कळवत असतो. स्वस्तातला एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टर किंवा जुनी वायर मध्ये असेल तर हा निरोप पोचत नाही. मग कॉम्प्युटर अंदाजानं छोटं माप धरतो. ड्रायव्हर बदलण्याआधी वायर बदलून पाहा, मग 'डिस्प्ले' सेटिंगमध्ये योग्य माप निवडा.

शाळेत मॉनिटरऐवजी टीव्ही लावलेला असतो. तिथं चित्राच्या कडा कापल्या जातात, खालची पट्टी दिसत नाही. हा दोष टीव्हीच्या सेटिंगचा असतो, लिनक्सचा नाही. टीव्हीच्या रिमोटवरून चित्राच्या मापात 'जस्ट स्कॅन' किंवा 'स्क्रीन फिट' असा पर्याय शोधा. नाही सापडला तर एचडीएमआयच्या खाचेचं नाव 'पीसी' ठेवून पाहा.

लॅपटॉपला दुसरी स्क्रीन लावल्यावर एकच दिसते, तेव्हा विंडोजच्या चिन्हाचं बटण आणि पी एकत्र दाबा. दोन्हींवर तेच चित्र की वेगवेगळं, ते निवडता येतं.

उबुंटू २४.०४ मध्ये लॉगिन झाल्यावर चित्र थरथरत असेल तर लॉगिनच्या वेळी नाव निवडल्यानंतर खाली उजवीकडे दातेरी चाकाचं चिन्ह दिसतं. त्यातून 'झॉर्ग' असलेला पर्याय निवडून पाहा. एनव्हीडियाच्या जुन्या कार्डांना तो मानवतो.

पुन्हा असं होऊ नये म्हणून

ड्रायव्हर टाकण्याआधी पाच गोष्टी करा.

१. कागदपत्रांची प्रत पेनड्राइव्हवर किंवा दुसऱ्या डिस्कवर घ्या. लोकांचे आधार, सातबारा असे कागद असतील तर ती प्रत कुलपात ठेवा.

२. टाइमशिफ्टमधून प्रत काढा. उबुंटूमध्ये ही सोय वेगळी टाकून घेता येते.

३. कार्डाचं नाव लिहून घ्या. मिंटमध्ये ते 'सिस्टीम इन्फॉर्मेशन'मध्ये आणि उबुंटूत सेटिंगच्या 'अबाउट'मध्ये दिसतं. इंटेल असेल तर तिथंच थांबा, वेगळा ड्रायव्हर लागत नाही.

४. यूपीएसची बॅटरी तपासा. ती पाच मिनिटंही टिकत नसेल, तर पावसापाण्याच्या संध्याकाळी हे काम हाती घेऊ नका. लॅपटॉप असेल तर पूर्ण चार्ज करून घ्या.

५. मुदतीच्या दिवसांत हात लावू नका. विम्याची शेवटची तारीख, परीक्षेचे फॉर्म, पगारबिलं चालू असताना चालतं मशीन चालू द्यावं. असं काम सेंटर बंद असेल त्या दिवशी.

आणि लिनक्स टाकलेला पेनड्राइव्ह पुसून त्यात गाणी भरू नका. त्यावर नाव लिहून टेबलाच्या खणात ठेवा. अडल्या वेळी तोच कामाला येतो.

दुकानात न्यायचंच असेल तर

सगळ्यांना हे जमेलच असं नाही, आणि त्यात कमीपणा नाही. मशीन दुरुस्तीला देताना मात्र तीन वाक्यं स्पष्ट सांगा. "यात लिनक्स आहे. ग्राफिक्सचा ड्रायव्हर टाकल्यावर स्क्रीन गेली. डेटा काढून दिल्याशिवाय फॉरमॅट करायचं नाही." शक्य असेल तर हे पावतीवर लिहून घ्या. दुरुस्ती करणाऱ्यालाही त्यामुळे नेमकं कळतं की कुठं बघायचं, आणि तासाभराच्या कामाला आठवडा लागत नाही.

ज्या मशीनमध्ये दुसऱ्याचे कागद ठेवलेले असतात, ते मशीन एकट्याचं राहत नाही. नागली-वरईचं काम टाकून, डोंगर उतरून आलेल्या माणसाचा फॉर्म त्यात असतो. स्क्रीन काळी पडली तर दहा मिनिटं शांत बसा, वायर बघा, ग्रबची यादी उघडा, जुना कर्नल निवडून पाहा. त्या दहा मिनिटांत बरंच काही वाचतं. फॉरमॅट मारल्यावर मात्र गेलेले कागद परत मिळतील याची खात्री कुणी देत नाही.